काचेच्या पेटीतील विहीर



बीड जिल्ह्यात पाण्याविषयी बोलणारे पुष्कळ. परंतु जमिनीखाली पाणी राहते कसे, हे सांगणारे थोडे. मुलांस विचारावे तर ती म्हणतात, खाली नद्या वाहतात. पाणाड्याने जागा दाखविली की खणावे. थोरांची समजूतही फारशी निराळी नसते. पुस्तकातील आकृतीने ती बदलत नाही. म्हणून वर्गात एक पेटी मांडावी, असे आम्ही सुचवितो.

मासे ठेवण्याची काचेची पेटी घ्यावी. तळाशी चिकणमाती थापून वर भरड वाळू भरावी. काचेला लागून, खाली भोके पाडलेल्या दोन नळ्या उभ्या कराव्यात. या झाल्या दोन शेजाऱ्यांच्या विहिरी. मग झारीने पाऊस पाडावा. पाणी मुरते, वाळूच्या कणांमधील पोकळी भरत येते, आणि दोन्ही नळ्यांत एकाच पातळीला ठरते. आता एका नळीतून पिचकारीने पाणी ओढावे. दुसरीला कोणी हात लावलेला नसतो, तरी तिची पातळी उतरते! विहीर सातबाऱ्यावर चढते. पाण्याला बांध ठाऊक नसतो.

या प्रयोगास कोणी पोरखेळ म्हणू नये. फ्रान्समध्ये दिझाँ येथे हेन्री डार्सी यांनी वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून १८५६ साली जो नियम मांडला, त्यावरच भूजलशास्त्र आजही उभे आहे.

मात्र वाळूची पेटी गंगेकाठच्या शाळेस पुरेल. आपल्याकडे ती अर्धीच गोष्ट सांगते. आपल्या पायाखाली लाव्ह्याचे थर आहेत. वर माती व मुरूम, खाली कोठे मांजऱ्या, कोठे भेगाळलेला, कोठे अखंड काळा पाषाण. म्हणून दुसऱ्या पेटीत तळाशी फरशीचे तुकडे बसवून एकदोनच फटी मोकळ्या ठेवाव्यात व वर मुरूम पसरावा. ही पेटी चटकन भरते आणि चार पिचकाऱ्यांत रिती होते. वाळूच्या गाळाच्या शंभर घनफुटांतून सोळाएक घनफूट पाणी निथळते. झिजलेल्या बेसाल्टातून दोनच्या आसपास. आपली साठवण मुळातच लहान आहे.

आता एक लांब नळी फटीपर्यंत उतरवून पाणी ओढावे. खाली निराळा साठा सापडत नाही. वरच्या मुरमातले पाणीच फटीवाटे उतरते, आणि शेजारच्या उथळ विहिरीचा तळ उघडा पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी गावोगाव पसरल्या. त्यांपैकी कित्येकींची कथा हीच आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने साठ मीटर वा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घातले. तो का, हे या पेटीपुढे उभ्या राहिलेल्या मुलास वेगळे सांगावे लागत नाही.

बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीत बांधली गेली. तिचे पाणी भुयारी मार्गाने, आपल्या उतारानेच शेतांकडे जाई. जमीन देईल तेवढे घ्यावयाचे, अशी ती रीत होती. बोअरच्या यंत्रास ही मर्यादा नाही; ती माणसांनी आपसांत ठरवावयाची आहे.

तेव्हा मुलांस मापाने पाऊस पाडू द्यावा, पिचकाऱ्या मोजू द्याव्यात, आणि रब्बीत कोणास किती, याचा हिशेब फळ्यावर मांडू द्यावा. मग तीच पेटी ग्रामसभेत नेऊन ठेवावी. तो हिशेब आज ना उद्या तेथेच व्हावयाचा आहे.