भाग २३ : गोळ्या चालू आहेत, किल्ली तू घे

वारणानगरहून बोलतोय. आजचा भाग माझ्याबद्दलच आहे. बोलू का नको, यात दोन आठवडे गेले. शेवटी म्हटलं, बोलतोच.

गेल्या वर्षी मला डिप्रेशनची औषधं चालू होती. पुण्यातला जॉब, रात्रीचे कॉल, झोप उडालेली. घरी येऊन वर्क फ्रॉम होम सुरू केलं आणि कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवलं. एसिटालोप्राम आणि सुरुवातीचे काही दिवस क्लोनाझेपाम. 'दारू नको' असं डॉक्टर म्हणाले होते. मी मान डोलावली. हे सगळं आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

त्यातच चुलतभावाची हळद आली. पोरं म्हणाली, "घे की भावा, दोनच घे." नको म्हटलं तर 'का?' विचारणार, आणि त्या 'का'चं उत्तर मला द्यायचं नव्हतं. घेतले दोन छोटे पेग. एरवी तेवढ्यानं मला काही होत नाही. त्या रात्रीही वाटलं, आपण एकदम ओके. बुलेट काढली, कोडोलीच्या रस्त्याला लागलो.

उसाचा हंगाम सुरू होता. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नाही. ट्रॉली मला दिसली, हे पक्कं आठवतंय. पण ब्रेक उशिरा दाबला. गाडी डांबर सोडून खाली गेली आणि मी बांधावर. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं.

आता हिशोब करू. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. प्रतिक्रिया अर्धा सेकंद उशिरा आली, तर आठ मीटर गेले.

हे का होतं? दारू मेंदूचं काम मंद करते. क्लोनाझेपामही तेच करतं. दोघांचा परिणाम मेंदूतल्या 'गाबा' नावाच्या एकाच यंत्रणेवर होतो. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, मिर्टाझापीन या औषधांनीही झोप येते, त्यात दारू पडली की गुंगी वाढते. एसिटालोप्राम, सर्ट्रालीन त्यामानानं सौम्य, तरी त्यांच्यावरही दारू टाळायलाच सांगतात. सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला ते कळत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर डाऊन झालाय आणि अलर्ट पाठवणारं सॉफ्टवेअरही त्याच सर्व्हरवर आहे!

तीन गैरसमज माझेही होते.

पहिला : 'आज प्यायचंय, तर गोळी चुकवू.' एसिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण ३० तास लागतात. म्हणजे गोळी चुकवली तरी औषध अंगात असतंच. वर अशा गोळ्या अचानक थांबवल्या तर चक्कर, बेचैनी, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं.

दुसरा : 'मशीनमध्ये कमी आलं, म्हणजे सुटलो.' मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ बघा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहेच. पण औषधाच्या अमलाखाली गाडीवर ताबा ठेवता येत नसेल, तर तोही याच कलमात येतो. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि समोरची ट्रॉली काही मशीनचा आकडा बघत नाही.

तिसरा : 'बिअरच तर आहे.' ३० मिलिलिटर व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, ते उतरायला तासभर तरी लागतो. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर स्ट्राँग बिअरमध्ये ४० ग्रॅम. म्हणजे एक बाटली बरोबर चार छोटे पेग.

हे ऐकून गोळ्या बंद करू नका, हात जोडून सांगतो. मी बरा झालो तो त्यांच्यामुळेच. गोळ्या चालू असताना बरेच जण नीट गाडी चालवतात. फक्त औषध नवीन असताना किंवा डोस बदलल्यावर जपा, आणि गाडी कधीपासून चालवायची ते डॉक्टरांना विचारा. पिता किती, तेही त्यांना खरं सांगा. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आठ दिवसांनी मी चुलतभावाला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "एवढंच होय? आधी सांगायचं की लेका. मी सोडलं असतं तुला घरी."

एका वाक्याचं काम होतं. तुमच्यावर वेळ आली तर तेवढं म्हणा : 'गोळ्या चालू आहेत, किल्ली तू घे.'

भेटू पुढच्या भागात. सांभाळून जावा.