टेबलं मुलांची, खुर्च्या जरा लांब

गावोगावहून यंत्रांची खोकी सांभाळत आलेल्या माझ्या दोस्तांनो,

पुण्यातल्या या रोबो संमेलनात तुमचं मनापासून स्वागत. पुणेकरांना पाहुण्यांची सवय कमी, असं बाहेरचे म्हणतात. पण रोबोंच्या स्वागताचा आमचा सराव जुना आहे. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ‘रोबोकॉन’ ही रोबोंची स्पर्धा इथे बालेवाडीत २००८ आणि २०१४ अशी दोनदा भरली. २००८चा विषय तर चक्क गोविंदा, हंडीतल्या लोण्यासकट! तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

काल संध्याकाळी आपण पडद्यावर २०२२च्या दिल्लीतल्या रोबोकॉनचे सामने पाहिले. खेळ लगोरीचा. एका रोबोने चेंडू मारून लगोरी फोडायची, त्याच्या जोडीदाराने ती पुन्हा रचायची आणि रचणाऱ्याच्या डोक्यावरचा चेंडू प्रतिस्पर्ध्याने नेम धरून पाडायचा. आमच्या गल्लीत चेंडू पाठीत बसायचा, एवढाच फरक. टाळ्या खूप पडल्या. पण नंतर जेवणाच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, “आपल्याला हे कुठलं जमायला!” ते माझ्या कानावर आलंय.

बाळांनो, ते संघ अभियांत्रिकी महाविद्यालयांचे होते. पण या स्पर्धेचं मूळ पाहा. तोक्योचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना विजेरीतले दोन सेल दिले आणि सांगितलं, एवढ्यावर माणूस बसून जाईल अशी गाडी करा. फक्त दोन सेल! तिथे उधळपट्टीला जागाच नाही. गाडीचं वजन किती, चाक कुठे घासतं, गिअरचे दाते किती, सगळ्याचा हिशेब मांडावा लागतो. त्या प्रयोगातून १९८८मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीची स्पर्धा उभी राहिली आणि २००२पासून ती आशियाभर गेली. काल तुम्ही पाहिलीत ती हीच.

तेव्हा अडचण सामानाची नाही, किल्लीची आहे. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. सहावी ते बारावीच्या मुलांनी तिथे हात काळे करावेत, हा हेतू. आणि सामान खराब होईल म्हणून कुलूप घातलेल्या लॅब मी पाहिल्या आहेत. थ्रीडी प्रिंटरवरचं प्लास्टिकही काढलेलं नसतं. मुख्याध्यापकांना हात जोडून सांगतो, मोटर जळाली तर जळू द्या, नवी घेता येते. पालकांनो, तुम्हालाही विनंती आहे. पोरगं स्क्रू उलटा फिरवत असेल तर फिरवू द्या. स्क्रूड्रायव्हर काढून घेऊ नका.

शेजारच्या हॉलमध्ये दुरुस्तीची टेबलं मांडली आहेत. सोल्डरिंगची सोय तिथेच, रात्री दहापर्यंत. पालकांच्या खुर्च्या मुद्दाम जरा लांब ठेवल्यात, राग मानू नये. जेवण साधं आहे, पिठलं-भाकरी; व्यवस्थेत काही कमी पडलं तर स्वयंसेवकांना नव्हे, मला बोला.

अध्यक्ष महाराजांनी आता संमेलनाचं उद्घाटन करावं, अशी विनंती करतो.