वाढत्या वयातील मनाचे शिक्षण



चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा घरात एकाएकी गप्प होतो. विचारले तर खेकसतो, रागावले तर ताट सारून उठतो. वडीलधारे म्हणतात, शिंगे फुटली! शरीरशास्त्र निराळे सांगते. या वयात राग, भीती, लाज आणि बरोबरीच्यांची ओढ यांना भरती येते; तिला बांध घालणारा मेंदूचा पुढील भाग मात्र पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. भरती म्हणजे काय, हे माहीमकरांना सांगावयास नको.

आपल्या भावना ओळखणे, त्या आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, भांडणानंतर पुन्हा जुळवून घेणे, यास आज सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. नाव नवे, काम जुने. बालकांसाठी ते आजच्या पालघर जिल्ह्यातच, बोर्डीस, 1945 साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आरंभिले. मिसरूड फुटणाऱ्या मुलांचे उदाहरण पाहावयाचे तर मात्र खानदेशात अमळनेरला जावे लागते.

पांडुरंग सदाशिव साने 1924 साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. घर सोडून आलेली ती मुले, त्यांच्या खोल्या अस्ताव्यस्त. गुरुजी एक अक्षर न बोलता त्यांची अंथरुणे घडी करीत, खोल्या झाडीत, कंदिलाच्या काचा पुशीत. मुले ओशाळत आणि आपणहून कामास लागत. शिवाय मुलांसाठी ते हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढीत. शाळा सांभाळून रोज हे करणे सामान्य नव्हे. 1930 साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्यातील श्याम भितो, चुकतो, आणि ते सारे स्वतःच मित्रांना सांगतो. लाज वाटत असूनही चूक बोलून दाखविता येणे, हेही मनाचे शिक्षणच.

कोणी म्हणेल, दहावीची परीक्षा तोंडावर असता हे लाड कशाला? अमेरिकेत जोसेफ डर्लाक व सहकाऱ्यांनी अशा 213 उपक्रमांचा आढावा 2011 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थी होते सुमारे 2 लाख 70 हजार. त्यांचे वर्तन सुधारले, मनाचा त्रास घटला, आणि अभ्यासातही शंभरांत मधोमध असणारे मूल सुमारे 11 जागा पुढे सरकले. मात्र अभ्यासातील ही प्रगती शाळेच्याच शिक्षकांनी उपक्रम चालविला तेथेच ठळक दिसली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना ती साधली नाही. (बाहेरचा वक्ता बोलावून भागत नाही, हे या व्याख्यानासही लागू आहे!)

जीर्णोद्धाराने सभामंडप प्रशस्त झाला आहे. संध्याकाळी मुले तेथे मोबाईलमध्ये मान घालून बसली, तर हुसकण्याआधी गावातल्याच एखाद्या शिक्षकाने वा सेवानिवृत्ताने शेजारी बसावे, आज काय झाले ते विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. पहिले आठ दिवस बहुधा उत्तर येणार नाही. नवव्या दिवशीही तेथेच जाऊन बसावे.