चाकाचा आऊट

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेत मी कायम शेवटच्या बाकावर. आज मला माईकसमोर उभं केलंत, तर सायकलीबद्दलच बोलतो. दुसरं काही मला येत नाही.

मार्च १९८६मध्ये आपली दहावीची परीक्षा संपली. तेव्हाचं पुणं सायकलींचं गाव होतं. शाळेच्या स्टँडवर एक सायकल पडली की अख्खी रांग आडवी व्हायची, आठवतंय? सुट्टीत तुम्ही मामाच्या गावाला गेलात. मी कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात कामाला लागलो. मालकांना सगळे मामाच म्हणत, म्हणजे मीही मामाकडेच गेलो म्हणा ना!

उन्हाळा हा दुकानाचा सीझन. छोट्या सायकली तासावर भाड्याने जायच्या. वहीत नाव आणि वेळ लिहायची. तापलेल्या रस्त्यावर ट्यूबचे जुने पॅच सुटायचे, घमेल्यातलं पाणी दिवसातून चारदा बदलावं लागे. दुपारी रस्ता ओस पडला की ओव्हरऑइलिंग. छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, मोजायचे, ग्रीसमध्ये एकेक बसवायचे. चाकाचा आऊट काढायला तिथेच शिकलो. मोठ्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ स्पोक, मागच्याला ४०, कारण भार मागे जास्त. रिम डावीकडे गेली असेल तर उजवीकडचे निपल आवळायचे, तेही पाव-पाव फेरा. घाई केली की आऊट वाढतो.

आता जे सांगायचंय ते इतकी वर्षं सांगितलं नाही. त्या मे महिन्यात आपल्या वर्गातला एक जण पंक्चर काढायला आला. आज तो इथे दुसऱ्या रांगेत बसलाय. पुढचं चाक मी बसवलं. नट हाताने फिरवले आणि पान्हा घेणार, तोवर बर्फाचा गोळेवाला आला. मी गोळा खाल्ला आणि सायकल त्याच्या हातात दिली. उतारावरच्या खड्ड्यात चाक निसटलं. त्याचा पुढचा दात तुटला.

त्याचे वडील दुकानात आले तेव्हा मी मागे उभा होतो. मामा म्हणाले, "चाक मी बसवलं होतं. चूक माझी." डॉक्टरांचे पैसे त्यांनी दिले. मला ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त पान्हा हातात ठेवला आणि म्हणाले, "आजपासून दोनदा."

मामा आता नाहीत. माझ्या वर्कशॉपमध्ये आज मापं घेऊन सायकली बनतात. पायांची, हातांची लांबी घ्यायची, स्टीलच्या नळ्या कापायच्या, टोकं कानशीने घासून एकमेकींत चपखल बसवायची आणि पितळेने जोडायची. ज्योत हलते म्हणून पंखा लावता येत नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी सहालाच काम सुरू करतो आणि बाराला ज्योत बंद करतो. सायकल तयार झाली की आधी मी स्वतः चालवतो, मग गिऱ्हाइकाला देतो.

रविवारी पहाटे सगळे वर्कशॉपपाशी जमतात. कॉलेजची मुलं असतात, निवृत्त झालेले काका असतात. खडकवासल्यापर्यंत एकत्र जायचं, ज्यांच्यात दम आहे त्यांनी सिंहगड चढायचा. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, आणि ऊन चढायच्या आत परत. नियम एकच: सर्वांत हळू जाणाऱ्याला मागे सोडायचं नाही. त्याच्या मागे मी असतो, पिशवीत पान्हा घेऊन.

मित्रा, ते चाक मामांनी नव्हे, मी बसवलं होतं. एकोणचाळीस वर्षं तू त्यांना दोष दिलास आणि मी गप्प बसलो. त्यांची माफी मागायची राहून गेली, तुझी आज मागतो. तुझ्या मापाची एक सायकल मी तुला देणं लागतो. रविवारी ये. पुढचे नट मी तुझ्यासमोर आवळीन, दोनदा.