ओस गुऱ्हाळघर भाड्याने देताना



कोल्हापूर भागात रस्त्याकडेला बंद पडलेली गुऱ्हाळघरे आपण पाहतो. ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुळव्या मिळेना, जळण परवडेना. घाणा विकला गेला आणि चार भिंती व पत्रे तेवढे उरले. अशी जागा दुकानाला, दूध संकलनाला किंवा सुताराच्या कारखान्याला भाड्याने दिली, तर घरात महिन्याला चार पैसे येतात. पण हे काम कोणत्या क्रमाने करायचे, ते आज बघू.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने कर्ज काढून गुऱ्हाळघराला फरशी घातली, लोखंडी शटर बसवले. गिऱ्हाईकही आले. त्याने विचारले, "सातबारावर तीन भावांची नावे आहेत, बाकी दोघांची संमती कुठे आहे?" मुंबईचा धाकटा भाऊ सही देईना. चौदा महिने शटर बंद राहिले. व्याज मात्र एक दिवसही थांबले नाही.

म्हणून ध्यानात ठेवा: आधी कागद, मग गिऱ्हाईक आणि शेवटी गवंडी.

पहिली गोष्ट कागदाची. सातबारावरील सर्व हिस्सेदारांची संमती लेखी घ्या. त्यात बहिणींची नावे असतील तर त्यांचीही घ्या. भाड्यात कोणाचा वाटा किती, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हेही त्यातच लिहा.

1966 च्या महसूल कायद्यात शेतावरची इमारत म्हणजे अवजारे, खत, वैरण, शेतमाल ठेवण्याची, जनावरांची किंवा घरच्या माणसांच्या व गड्यांच्या राहण्याची जागा. दुकान किंवा कारखाना त्यात बसत नाही. बिनशेती वापराचे नियम वेळोवेळी बदलतात. तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता तहसील कचेरीत अर्ज करून लेखी उत्तर घ्या. ग्रामपंचायतीतही नमुना 8 वर इमारतीची नोंद कशी आहे ते बघा.

विजेची चूक फार महागात पडते. शेतीपंपाच्या जोडावरून दुकानाचा दिवा लावू नका. 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे मंजूर कामाऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. धंद्यासाठी वेगळे मीटर घ्या. तसेच, धंद्याला दिलेल्या जागेचे भाडे शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. प्राप्तिकराच्या हिशेबात ते वेगळे दाखवावे लागते.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय खर्च करू नका, कारण सुताराला लागते ती जागा दूध संकलनाला चालत नाही. खते, बियाणे व औषधे विकणाऱ्याकडे त्याच जागेचा परवाना आहे का, ते विचारा. औषधांच्या शेजारी वैरण किंवा धान्य ठेवू नका. भाडे, अनामत, मुदत आणि जागा सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, हे करारात लिहून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. पाहुणा असला तरी तोंडी व्यवहार नको.

तिसरी गोष्ट गवंड्याची. चुलवणाचा खड्डा नुसत्या मातीने बुजवला तर पावसाळ्यात जमीन खचते. आतली राख व सैल विटा काढा, मुरूम अर्ध्या फुटाच्या थरांनी पाणी मारून धुम्मसाने ठोका, मगच कोबा करा. 8 फूट लांब, 6 फूट रुंद व 5 फूट खोल खड्ड्याचे माप 240 घनफूट भरते. ठोकून मुरूम बसतो, म्हणून सुमारे 3 ब्रास धरा. धुराड्याला तडे असतील तर जाणकाराला दाखवा. मोडकळीस आलेले धुराडे माणसांच्या डोक्यावर ठेवू नका.

आता हिशेब. समजा, खर्च 60,000 रुपये आणि भाडे महिना 2,500 रुपये. वर्षातले 2 महिने जागा रिकामी आणि 1 महिन्याचे भाडे पट्टी व डागडुजीला धरा. उरले 9 महिन्यांचे 22,500 रुपये. म्हणजे मुद्दल निघायला 2 वर्षे 8 महिने; कर्ज असेल तर व्याजामुळे आणखी जास्त. करार 11 महिन्यांचा असेल आणि गिऱ्हाईक पुढे राहण्याची खात्री नसेल, तर एवढा खर्च अंगावर घेऊ नका. झाडलोट, पत्रे आणि दार एवढ्यावरच सुरुवात करा. आणि अवजारे व बियाणे ठेवायला एक खोली स्वतःकडे ठेवा, नाहीतर उद्या तुम्हालाच दुसऱ्याची जागा शोधावी लागेल.

त्या शेतकऱ्याच्या भावाने दिवाळीला गावी आल्यावर सही केली. त्याचे म्हणणे एवढेच होते, की आपला वाटा कागदावर यावा. आज तिथे सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या येतात. तोच कागद फरशीच्या आधी झाला असता, तर चौदा महिन्यांचे व्याज वाचले असते.