परदेशांतील मराठी शाळा

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांसाठीं तेथील महाराष्ट्र मंडळें ज्या मराठी शाळा चालवितात, त्यांविषयीं आज मी बोलणार आहें. देशवार ठरविलेल्या जागांची जुनी पद्धत तेथें १९६५ सालच्या कायद्यानें रद्द झाली आणि आपल्याकडील डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येनें तिकडे गेले. १९८१ सालीं तेथील मंडळांची मध्यवर्ती संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, स्थापन झाली. आज अनेक गांवीं शनिवारीं वा रविवारीं मराठीचे वर्ग भरतात. शिक्षक म्हणजे बहुधा विद्यार्थ्यांचेच आईबाप.

पुण्याचें मूल शाळेंत येतें तें भाषा बरोबर घेऊनच. त्याला फक्त अक्षरें शिकवावयाचीं असतात. तिकडील पुष्कळ मुलांना आईचें मराठी समजतें, पण उत्तर येतें तें इंग्रजींत. ‘जेवायला चल’ म्हटलें कीं मूल पानावर येऊन बसतें. मात्र ‘मला भूक नाहीं’ एवढें मराठींत सांगावयास त्याची जीभ उचलत नाहीं. अक्षरांची अडचण त्या मानानें लहान. ‘ळ’ घोटून घेतां येतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एक नव्हे, हेंही कानाला सवयीनें कळतें. पण दगड पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी कां, असें मुलानें विचारलें तर शिक्षिकेनें काय सांगावें? तिनें तें आईच्या मांडीवर उचललेलें असतें.

त्याहून अवघड आहेत तीं सर्वनामें. इंग्रजींत देवापासून कुत्र्यापर्यंत सर्वांस एकच शब्द पुरतो. आपल्याकडे आजीला ‘तूं’ आणि आजोबांना ‘तुम्ही’. हा भेद कोणत्या नियमानें समजवावा? ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचेंही तेंच. पाहुण्याला ‘चला, आम्ही जेवूं’ म्हणणारें मूल त्याला नकळत दाराबाहेर ठेवतें! हे भेद फळ्यावर लिहून येत नाहींत. ते माणसांत वावरून येतात.

आतां हिशेब पाहा. आठवड्यास दोन तास आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तरी ते साठ तास होतात. तितकें इंग्रजी मुलाच्या कानांवर एका आठवड्यांत पडतें. त्यांतूनही कांहीं तास स्नेहसंमेलनाच्या तालमींत जावयाचे. लेझीम चांगली, परंतु लेझीम खेळून क्रियापद चालवितां येत नाहीं. मुलाला वर्गांत सोडून घरीं परततांना मोटारींत इंग्रजीच बोलणाऱ्या आईबापांबद्दल मी अधिक बोलत नाहीं.

मॉरिशसचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. १८३४ पासून तेथें करारबद्ध मजूर जाऊं लागले. त्यांत पुढें कोंकणांतील माणसेंही होतीं. त्यांच्या वंशजांनीं सण राखले, आडनांवें राखलीं; सरकारी प्राथमिक शाळांत आजही मराठी शिकवितात. तरी बहुतेक घरांत बोलणें चालतें तें क्रिओलींत. शाळेनें लिपि सांभाळली, पण स्वयंपाकघरांतली भाषा तिला सांभाळतां आली नाहीं.

म्हणून मला विचाराल तर या शाळांनीं गृहपाठ एकच द्यावा: आठवड्यांतून एकदां आजीला टेलिफोन. आपणांपैकीं ज्यांचीं नातवंडें तिकडे आहेत, त्यांनीं इंग्रजी वाक्य ऐकूं येतांच खुशाल ‘अरे, मला समजलें नाहीं’ असें म्हणावें आणि थांबावें. आजी बी. ए. झालेली असली, तरी तेवढा अडाणीपणा तिनें पत्करावा. नातू अडखळेल, चिडेल, कदाचित् टेलिफोन आईच्या हातीं देईल. पुढच्या रविवारीं पुन्हां थांबावें.