टाळ कोणाच्या हाती?

श्रोतेहो, एकनाथांनी भारुडात मुका आणला, बहिरा आणला. पण ती सोंगे वठवली धडधाकट माणसांनीच. ज्याला शिकायला वेळ लागतो, त्याने स्वतः लोकांपुढे यावे हे फार उशिरा घडले. २०१४ साली 'यलो' हा मराठी चित्रपट आला. त्यात डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःचीच भूमिका करते. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेखही झाला.

गुरुजी, आता आपल्या बीड जिल्ह्याचे पाहू. स्नेहसंमेलन आपण बहुधा जानेवारीत भरवतो. तेव्हा ऊसतोडीची कितीतरी बिऱ्हाडे कारखान्यांवर गेलेली असतात. पोर आजीपाशी राहिले, तरी त्याचे गाणे आईबापांनी ऐकायचे कधी? म्हणून या मुलांचा कलामेळावा गणपतीतच घ्यावा. आणि मुलाला मागे झाड करून उभे करू नका, बरं का! त्याच्या हाती टाळ द्या. ठेका चुकला तर पेटीवाल्याने थोडे थांबावे. सबंध अभंग पाठ होत नसेल, तर एकच ओळ रोज, त्याच जागी, त्याच सोबत्याबरोबर म्हणवून घ्यावी. श्रावण लागताच तालीम धरा. महिनाभर तरी हवाच.